काचेबाहेरची वाफ

आमच्या शेजारचे नेनेकाका आंब्याची वाफ ओढतात आणि मग त्या आंब्यालाच नावं ठेवतात.

"हा आंबा नाही गं, ही आंब्याची अफवा आहे," असं म्हणत नाकातून ढग सोडतात. बॉथेल या आमच्या अमेरिकन गावाच्या धुक्यात तो मिसळला की आभाळाचं किती आणि काकांचं किती, कळत नाही. पुदिन्याला ते टूथपेस्ट म्हणतात. फणसाचा स्वाद ठेवत नाही म्हणून दुकानदाराशी भांडून आलेत. तरी सत्तरीचा हा माणूस ते वाफेचं बोटभर पेन खिशाला लावूनच देवपूजेला बसतो.

सिगारेट सोडली, हे ते ओळख होताच सांगतात. ई-सिगारेट हा शब्द मात्र चालत नाही. "वाफारा म्हण. सर्दीला घेतात तसा."

"काका, त्यात निकोटिन आहे. डबीवर लिहिलंय."

"एमएस केलंस, लॅबमध्ये काम करतेस, आणि धूर-वाफेतला फरक कळत नाही?"

माझी आई सोलापुरात विड्या वळायची. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिली मी. डिग्रीवर कोणी बोललं तर मी ऐकून घेत नाही. "निकोटिनला आंब्याचं अत्तर लावलं तरी ते निकोटिनच," मी सुनावलं. काका खूश होऊन हसले. भांडायला माणूस मिळाला की त्यांचा दिवस बरा जातो.

एक गोष्ट मात्र मला कळायची नाही. वाफारा घ्यायला ते बाल्कनीत येत आणि मागचं काचेचं दार घट्ट ओढून घेत. कुमुदकाकू गेल्यापासून घरात ते एकटेच.

"वास कोणाला येणारे, काका?"

"सवय," म्हणाले, आणि दाराकडे पाठ करून उभे राहिले.

मग त्यांची मुलगी सई नव्या नोकरीला लागायची वेळ आली. लहानग्या अन्वीला दिवसा आजोबांकडे ठेवायचं चाललं होतं. सईनं स्पष्ट सांगितलं, "बाबा, एक तर ते पेन, नाही तर अन्वी. नो निगोशिएशन."

"वाफेपायी नात अडवते!" काका आठवडाभर धुमसले. अक्षरशः.

त्यानंतरच्या एका धुकट सकाळी मी कॉफी घेऊन आमच्या बाल्कनीत आले, तर पलीकडे काका पाठमोरे उभे, तोंडातून वाफ. माझा पाराच चढला.

"काका! सईला शब्द दिलात ना?"

त्यांनी दोन्ही रिकामे हात वर केले. "पेन सईनं नेलं. ही थंडीची वाफ. बिनआंब्याची."

"मग बाहेर कशाला उभे?"

ते समोरच्या झाडांकडे बघत राहिले. झाडं अर्धी दिसत होती, अर्धी धुक्यात.

"कुमुदला वास सोसायचा नाही. मी बाहेर, ती आत. पुरे झालं असं वाटलं की बांगडीनं काच वाजवायची. कधीकधी सिगारेट केव्हाच संपलेली असायची गं. मी नुसताच थांबायचो. वाजवते का बघायला."

मी कॉफीचा कप कठड्यावर ठेवला.

तेवढ्यात काच वाजली. टक, टक. आत अन्वी काचेला धरून डुगडुगत उभी होती, हातात चमचा. मागे सई, ऑफिसची बॅग खांद्याला.

काका लगेच वळले नाहीत. डोळे मिटून त्यांनी काच आणखी एकदा वाजू दिली.

"आलो गं," म्हणाले, "आलो."