गुरुवारचा इस्त्रीचा शर्ट

हरेश दर गुरुवारी इस्त्रीचा शर्ट घालून शिळफाट्याला जातो, हे लक्षात आलं त्या दिवशी हर्षलाची तव्यावरची भाकरी करपली. टेंपोवाला माणूस. कळंबच्या रिसॉर्टांना गाद्या आणि खुर्च्या पोचवणारा. साखरपुड्यालासुद्धा आईने चार शिव्या घातल्या तेव्हा कुठे त्याने शर्ट बदलला होता. मग आता हा नटतोय कोणासाठी?

बरं, नुसता शर्ट असता तर तिने सोडून दिलं असतं. पण गणपतीपासून फोन उशाखाली. संडासात गेला तरी फोन बरोबर, आणि आत अर्धा अर्धा तास. काही विचारलं की अंगावर यायचा. दिवाळीत तिच्या पाटल्या झिलईला म्हणून सोनाराकडे नेल्या, त्या संक्रांत आली तरी परत नाहीत. एवढे दिवस कुठली झिलई चालते हो? त्या पाटल्या घातलेला एक गोरा, भरलेला हात हर्षलाच्या डोळ्यांसमोर यायचा आणि घास घशाखाली उतरायचा नाही.

मोठी जाऊ जया शेजारच्याच दारात राहायची. जयाचा नवरा तिला न मागता गजरा आणायचा, म्हणून हर्षला आधीच तिच्यावर जळायची. पण दुसरं सांगणार तरी कोणाला?

"जयाताई, यांचं बाहेर कुठंतरी हाय."

"चल, कायतरीच! हरेशभावजींना आपल्या घरातली बाय बोलली तरी घाम फुटतो."

"लावा पैज!"

"लाव. पक्का पुरावा नाय घावला तर पोपटी तुझ्याकडून. कोंबडीसकट."

पहिल्या गुरुवारी हर्षलाने टेंपो झाडून तपासला. सीटखाली जॅक निघाला, कळकट फडकं निघालं, लिमलेटच्या गोळ्या निघाल्या. बाईचा एक केस निघेल तर शपथ. शेवटी शेतात पोपटीचं मडकं लागलं. भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, दोन कोंबड्या, सगळं हर्षलाच्या खर्चाने. जया बोटं चाटत होती आणि हर्षलाला शेंग गोड लागेना.

"पुढल्या गुरुवारी दुप्पट! माझी सिल्कची साडी लावते," हर्षला म्हणाली. "आता घावणारच."

दुसऱ्या गुरुवारी हरेश आंघोळीला गेला तसा तिने फोन उघडला. दर गुरुवारी एकच नाव, 'निशिगंधा मॅडम'. हर्षला ओल्या हातानेच जयाकडे धावली.

"घावली! निशिगंधा! नावपण बघा कसं हाय सटवीचं!"

"मॅडम लिवलंय गं. लफड्यातल्या बायला कोण मॅडम म्हणतो? रिसॉर्टवाली असंल. हा काय पुरावा नाय. आण साडी."

हिरवी सिल्कची साडी गेली. त्यानंतर हर्षलाचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. आमटीत मीठ दोनदा पडायचं. दिवसभर डोक्यात एकच, गुरुवार कधी येतो. आईचा फोन आला तर "सगळं बरं हाय गं" म्हणून खोटंच सांगून टाकायची. आणि तिसऱ्या आठवड्यात तिने डब्यातून मोत्यांच्या कुड्या काढल्या. सोनुबाईंनी, म्हणजे तिच्या आईने, लग्नात स्वतःच्या कानांतून काढून दिलेल्या.

"एकदाच, जयाताई. जिंकले की साडीपण परत."

"बघ हां. आयेच्या हायत. मागनं रडायचं नाय."

जयाने सांभाळायला म्हणून कुड्या घेतल्या आणि स्वतःच्या कानांत घातल्या. तिला त्या शोभतही होत्या. हर्षलाचा नुसता जळफळाट झाला.

गुरुवारी दोघी जयाच्या स्कूटीवरून टेंपोच्या मागे निघाल्या. शिळफाट्याला एका औषधाच्या दुकानाशेजारी हरेश उतरला, केसांवरून हात फिरवला आणि जिना चढून वर गेला. दोघी पाठोपाठ. जिन्याच्या भिंतीवर मोठा कागद चिकटवला होता. वरचा भाग कॅलेंडरने झाकलेला, खाली ठळक अक्षरं. फोन लपवणे. खोटे बोलणे. चिडचिड करणे. घरातील दागिने गायब होणे.

"बघा जयाताई, भिंतीवर लिवून ठेवलंय! सगळे नवरे सारखेच!"

आतून बाईचा आवाज आला. "बायकोला कधी सांगणार, हरेश?"

"हिंमत नाय होत, मॅडम."

हर्षलाने दार ढकललं. आत प्लास्टिकच्या खुर्च्यांचा गोल. चार पुरुष, त्यांतला एक नाक्यावरचा रिक्षावाला सहदेव. आणि मधे पांढऱ्या केसांची, जाड चष्म्याची, सासूच्या वयाची बाई.

"कुठं हाय ती निशिगंधा?"

"मीच," बाई म्हणाल्या. "या ना, बसा."

हर्षलाने त्यांचे हात आधी बघितले. पाटल्या नव्हत्या.

हरेश उभा राहिला. "मी फोनवर पत्ते खेळायचो गं. पैशाचे. एकदा जिंकलो, मग हरलो, मग हरलेलं काढायला परत खेळलो. पाटल्या त्यातच गेल्या. कितीदा सोडलं, एकट्याला जमंना. दोन महिने झाले इथं येतो, महिना हात नाय लावला."

"आणि हा शर्ट?"

"इथं सगळं खरं बोलायला लागतं. लाज वाटते. निदान कपडे तरी बरे असावेत म्हणून."

दुसरी बाई नाही म्हणून हर्षलाला हायसं वाटलं, आणि लगेच पाटल्यांसाठी रडू फुटलं. "त्यापेक्षा बाय असती तर बरं झालं असतं! तिच्या हातातनं ओढून तरी घेतल्या असत्या!"

"चला, म्हणजे तू हरलीस," मागून जया म्हणाली. "कुड्या माझ्या."

हर्षलाने डोळे पुसले. "हरले कशी? बाय निघाली ना? ही काय बसलीय!"

"तसली नाय निघाली!"

"तसली असं कुठं ठरलं व्हतं? माझी साडी द्या, कुड्या द्या! नायतर पुढल्या गुरुवारी मंगळसूत्र लावते!"

सहदेव खुर्चीत पुढे सरकून ऐकू लागला. निशिगंधा मॅडमनी चष्मा नीट केला.

"हरल्यावर तुम्ही दर वेळी जास्त लावलंत?"

"मग? गेलेलं परत नको मिळवायला?"

"दिवसभर डोक्यात तेच?"

हर्षलाला आमटीतलं मीठ आठवलं.

"घरी कोणाला सांगितलंत? आईला?"

हर्षलाने मान खाली घातली. जिन्यातल्या कागदावर वर कुठल्या व्यसनाचं नाव होतं ते तिला आता कॅलेंडर न काढताही कळलं. कित्येक महिन्यांनी हरेश हसला. त्याने बाजूची खुर्ची ओढली.

"बस गं. पयल्या दिवशी सगळ्यांनाच लाज वाटते."

मॅडमनी वही उघडून तिचं नाव लिहिलं आणि जयाकडे बघून बोलावणाऱ्या सुरात म्हणाल्या, "तुम्हीही या."

"मी कशाला? मी तर जिंकतेय," जया दारातून म्हणाली आणि कानांतल्या कुड्या चाचपल्या. "आन ही काय इथं टिकत नाय. चार गुरुवार आली तर या कुड्या परत देते. लाव पैज!"

"लागली..." हर्षलाचा हात टाळी द्यायला पुढे गेलासुद्धा. हरेशने तो मधेच धरला आणि आपल्या मांडीवर दाबून ठेवला.