किनखाबात गुंडाळलेल्या पेटीची हकीकत

श्रीगजाननास प्रथम वंदन, मग सरस्वतीस, आणि तिसरे वंदन जो परक्याची ठेव उघडून पाहून मगच 'आहे' म्हणतो त्यास. शके एकोणीसशे चव्वेचाळीस, शुभकृत् नाम संवत्सरी या राज्यात जे वर्तले ते लिहावयाची आज्ञा जाहली, सबब लिहितो. राज्याचे नाव मात्र लिहीत नाही. ते लिहावयास तोंड राहिले नाही.

तरी राज्याच्या धाकट्या बाईसाहेब कमळजाबाई, यांस गोधड्यांचा नाद. गावोगाव स्वारी करावी आणि म्हाताऱ्या बायका गाठाव्या आणि त्यांच्या गोधडीची छबी उतरावी आणि कोणता तुकडा कोणाच्या लुगड्याचा, कोणाच्या सदऱ्याचा, हे त्यांच्याच तोंडून बोलवून संगणकात भरावे, ऐसा क्रम बहुत वर्षे चालविला. गोधडी आज ना उद्या विरणार आणि शिवणारीही जाणार, मग सांगेल कोण, ऐसे त्यांचे म्हणणे. त्यात ठकूबाई म्हणोन एक म्हातारी होती. तिच्या गोधडीत मधोमध पिवळा तुकडा, तो तिची लेक लहानपणीच गेली तिच्या कुंचीचा. लेकीची दुसरी खूण घरात नव्हती, तसबीर तर त्या काळी कोण काढितो. ठकूबाई त्या तुकड्यावर बोट ठेवून बहुत बोलली, मध्येच हसली, मध्येच थांबली, आणि ते सर्व संगणकात जसेच्या तसे राहिले.

मग बाईसाहेबांनी दिवाण त्रिंबकपंतांस सांगितले कीं एका संगणकाचा भरवसा काय, दुसरी नक्कल पाहिजे. पंत हुशार खरे, आणि आहेत त्याहून स्वतःस अधिक हुशार समजणारे. त्यांनी हार्डडिस्क नामे पेटी आणविली, तळहातात मावेल एवढी, ती वायरीने संगणकास जोडिली आणि पडद्यावर फोल्डरांची जी चित्रे मांडिली होती ती एकेक ओढून पेटीत टाकिली. पापणी लवते न लवते तो सर्व नक्कल उतरली. एवढा ऐवज इतक्या झटक्यात कैसा उतरला, हे कोणी तरी विचारावयाचे होते. कोणी विचारिले नाही. उलट पेटी मोठी तेजस्वी म्हणोन दरबारी वाहवा जाहली आणि पंतांस शालजोडी मिळाली. मग खंडेनवमी आली. त्या दिवशी या राज्यात तलवारीपासून विळीपर्यंत सर्व हत्यारे पुजितात, सबब पेटीही पाटावर मांडिली, हळदकुंकू वाहिले, झेंडू वाहिला, आणि जरीच्या किनखाबात गुंडाळून तिची देवघरात स्थापना केली. बाईसाहेब म्हणाल्या, एकवार दुसऱ्या संगणकास जोडून उघडून तर पाहू. पंत हसले आणि बोलिले कीं स्थापना जाहल्यावर देवाची परीक्षा पाहत नाहीत. सारा दरबार हसला. पेटी तशीच किनखाबात राहिली.

पुढे ठकूबाईचा घोव रावजी अंथरुणास खिळला. त्याने हट्ट धरिला कीं ती गोधडी माझ्यासंगे सरणावर घाला, लेकीला घेऊन जातो. म्हातारी दोहोंकडून कात्रीत सापडली. नवऱ्याचा शेवटला शब्द मोडवेना आणि कुंचीचा तुकडा सोडवेना. मग ती पायी वाड्यावर आली आणि पंतांस पुसती जाहली कीं माझी गोधडी तुमच्या यंत्रात आहे ना? पंतांनी तिला देवघरात नेले, किनखाबावर हात ठेविला आणि म्हणाले, "आजी, संगणक जळला तरी ही पेटी आहे. खुशाल जाऊ द्या." म्हातारीने पेटीस हात जोडिले. आठवडा सरावयाच्या आत रावजी गेला आणि गोधडी त्याच्यासंगे गेली.

आणि मार्गशीर्षात वीज एकाएकी दाबाने आली, संगणकातून धूर निघाला, आतली तबकडी निकामी जाहली. शहराहून जाणते आणविले, त्यांनी हात टेकिले. तरी पंत निश्चिंत. नवा संगणक मांडविला, पेटी वाजतगाजत आणविली, किनखाब सोडिला, वायर जोडिली. पडद्यावर सर्व चित्रे उभी राहिली, दरबारास हायसे वाटले. मात्र प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यास एक वळता बाण होता, तो प्रथम बाईसाहेबांनीच पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. पंतांनी एक चित्र उघडिले, संगणक बोलिला कीं मूळ जागी ही वस्तू सापडत नाही. दुसरे उघडिले, तेच. जे ओढून आणिले ते फोल्डर नव्हतेच, फोल्डरांकडे बोट दाखविणाऱ्या शॉर्टकटच्या खुणा होत्या. फाट्यावरची गावाची पाटी उपटून घरी आणावी आणि गाव आणिले म्हणावे, तैसे जाहले. पंतांनी सर्व चित्रे उघडून पाहिली, तीच तीच पुन्हा उघडिली. कोणी त्यांस थांबवेना आणि कोणी त्यांच्याकडे पाहीना. ज्यांनी शालजोडी दिली ते महाराजही जोडे शोधू लागले. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, येथे तर झोपाही नव्हता, नुसती त्याची पूजा होती. अरे, एकवार उघडून पाहावयास काय पडले होते!

मग नको ते जाहले. पौषात ठकूबाई आली. थंडी पडली, अंथरुणात गोधडीची आठवण येते, एकवार पाहू द्या, म्हणाली. पंतांच्या मनात आले कीं यंत्र बिघडले, उद्या या, ऐसे सांगावे. तसे सांगावयास तोंडही उघडिले. बाईसाहेब दारात उभ्या होत्या, त्यांनी फक्त पाहिले. मग पंत खाली भुईवर बसले आणि जे जाहले ते सर्व बोलिले. म्हातारी ऐकत राहिली. तिला शॉर्टकट कळला नाही, गेली एवढे कळले.

मग म्हणाली, "तुमच्या शबुदावर म्या ती जाळली, सायेब. मग तुमी पूजा कशाची केली?"

पंतांनी पायांस हात लावू पाहिला, तिने पाय मागे घेतले. बाईसाहेबांनी शाल पुढे केली, ती नको म्हणाली. उठता उठता तिची नजर पेटीजवळ पडलेल्या किनखाबावर गेली. तेवढा कपडा द्या, नवी गोधडी शिवावयास घेतली आहे, मधला तुकडा मिळत नाही, ऐसे बोलिली. पंतांनी तो दोन्ही हातांनी दिला.

माघात बाईसाहेब नव्या गोधडीचे बोलणे संगणकात भरावयास तिच्या दारी गेल्या. तिने बोलावे कीं नाही हा तिचा अखत्यार, परंतु ती बोलली. हा सुनेच्या लुगड्याचा, हा रावजीच्या पटक्याचा, ऐसे सांगत मधोमध आली आणि बोट ठेविले. "ह्यो सरकारचा. जरीचा हाय, टोचतोय. ऊब न्हाई ह्येला." बाईसाहेबांनी विचारिले, हे बोलणे पुसून टाकू काय? "ऱ्हाऊ द्या, खरं हाय त्ये," म्हणाली.

आता त्या बोलण्याच्या नकला निरनिराळ्या पेट्यांत, निरनिराळ्या घरी आहेत. आणि महाराजांचा हुकूम ऐसा कीं दर खंडेनवमीस हळदकुंकवाआधी पंतांनी प्रत्येक पेटी जोडून ठकूबाईचे बोलणे भरदरबारी ऐकवावे. पंत ऐकवितात. तेव्हा दरबारात कोणी मान वर करीत नाही.

हकीकत इतकीच. राज्य सुखरूप, नवे दप्तर सुखरूप, पेट्या सर्व चालू. पिवळा तुकडा तेवढा नाही.