निंबाआप्पांचा गोल्फचा मोसम

रोज सकाळी सहाच्या ठोक्याला आमच्या शेजारच्या गच्चीवरून आरोळी यायची, "सॅम्पल पास!" मग क्षणभर सगळं चिडीचूप. मग पाण्याच्या टाकीवर काहीतरी दणकन आदळायचं, आणि त्याच माणसाचा पडलेला आवाज यायचा, "लॉट फेल."

सुरतेत, उधन्याला आमच्या गल्लीत नवीन भाडेकरू आला की दुसऱ्या दिवशी मला हळूच विचारायचा, "बापूभाऊ, शेजारी बरे आहेत ना डोक्यानं?" मी सांगायचो, डोकं ठणठणीत आहे, फक्त त्यांना गोल्फ झालाय.

हो, गोल्फ. उधन्यात! जिथं दोन घरांच्या मधून मोटारसायकल नेताना आरसे दुमडावे लागतात, तिथं आमचे निंबाआप्पा गोल्फ खेळायचे. आता ती गच्ची शांत असते. गैरसमज नको, आप्पा खुशाल आहेत, फक्त सुरतेत नाहीत. पण मला अजून सहाला जाग येते आणि उगाच वाट बघत पडून राहतो. सवयीचं काय करणार?

आप्पा आणि मी पलसाण्याच्या एकाच मिलमध्ये. मी फोल्डिंग खात्यात, ते डाईंग मास्तर. रंगाच्या धंद्यात आधी हातभर तुकडा रंगवून शेठला दाखवायचा, ते सॅम्पल. शेठनं मान हलवली की तोच रंग हजारो मीटर कापडाला द्यायचा, तो लॉट. सॅम्पल फक्कड जमतं आणि लॉट भलताच निघतो, हे मास्तर लोकांचं जन्माचं दुखणं. गोल्फमध्येही तेच, असं आप्पांचं म्हणणं. चेंडू नसताना काठी नुसतीच हवेत फिरवली, तर अशी झोकात फिरते की बघत राहावं. चेंडू ठेवला की संपलं.

हा नाद त्यांना शेठमुळे लागला. शेठना डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. हजीऱ्याकडे एका कारखान्याच्या वसाहतीत नऊ खड्ड्यांचं मैदान आहे, तिथं शेठनी ओळखीनं नाव नोंदवलं आणि आप्पांना म्हणाले, "मास्तर, तमे पण आवो ने. एकलो एकलो शुं रमुं?" म्हणजे, एकटा काय खेळू! तीन रविवारांत शेठ कंटाळले. म्हणाले, चालायचंच आहे तर मंदिरात चालत जाईन, पुण्य तरी लागेल. काठ्या आप्पांना देऊन टाकल्या, आप्पांचं नावही तिथं लावून दिलं, आणि आप्पा कायमचे बिघडले.

काठ्यांची पिशवी त्यांनी नापास झालेल्या साड्यांच्या कापडातून शिवून घेतली होती. एक कप्पा राणी, एक मोरपंखी, एक असा पिवळा की डोळे मिटावेत. ती पाठीला लावून स्कूटरवर निघाले की गल्लीतली कुत्रीसुद्धा वाट द्यायची. मैदानावर साहेब लोक पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, आणि हे गवतावर वाकून तिथल्या माळ्याला सुनावणार, "आज हिरवा फिका आलाय रे भो. पाणी कमी पडलं." माळी बिचारा मान डोलवायचा, कारण पाणी खरंच कमी पडलेलं असायचं.

एका गोष्टीत मात्र आप्पा फार कडक. काठी फिरवली आणि चेंडूला लागलीच नाही, तरी तो फटका धरायचा. साहेब लोक अशा वेळी इकडेतिकडे बघायचे, खोकायचे. आप्पा मोठ्यानं म्हणायचे, "हुकला, पण मोजायचा!" स्वतःचा तर मोजायचेच, साहेबांचाही मोजायचे. त्यामुळे तिथं त्यांना मान होता आणि त्यांच्याबरोबर खेळायला कोणी उत्सुक नव्हतं.

दिवाळी ते होळी हा त्यांचा मोसम. त्या चार महिन्यांत आप्पा लग्नाला जाणार नाहीत, बारशाला जाणार नाहीत, पायाला लचक येईल म्हणून रिक्षातून उतरतानाही आधी जमीन चाचपून बघणार. होळीच्या आधीच्या रविवारी कपाची स्पर्धा. तीन वर्षं आप्पा दुसरे आले होते. तिन्ही वेळा कप नेला तो वसाहतीतल्या एका निवृत्त साहेबांनी. आप्पा त्यांना नुसतं 'साहेब' म्हणायचे, पण ते असं म्हणायचे की शिवी बरी.

आता जे सांगायला नको ते सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय आप्पा कळायचे नाहीत. त्यांना एकच मुलगी, योगिता. ती दहावीत असताना आई गेली. पुढं आप्पांनीच तिचं सगळं केलं. वेण्या घालायला शिकले. शाळेच्या निळ्याला बाजारातल्या रिबिनी जुळत नाहीत म्हणून मिलच्या लॅबमध्ये स्वतः रंगवून आणायचे. ती पोरगी शिकली, सटाण्याला शाळेत शिक्षिका झाली, आणि तिथल्याच एका शिक्षकाशी लग्न ठरवलं. मुलगा चांगला, पण जात दुसरी. आप्पा म्हणाले, मी येणार नाही. लग्न रविवारी होतं. त्या दिवशी आप्पा काठ्या घेऊन हजीऱ्याला गेले. मी बरोबर होतो. दिवसभरात एक फटका धड लागला नाही आणि परत येताना ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मला त्यांचा इतका राग आला होता की मीही बोललो नाही. नंतर सहा वर्षं बापलेकीचं बोलणं बंद.

तर असे आप्पा. त्यात गेल्या मोसमात त्यांचा हात असा काही बसला होता की दर रविवारी साहेबांचा चेहरा उतरत होता. यंदा कप आप्पांचाच, असं माळीसुद्धा म्हणायला लागला. आणि डिसेंबरअखेरीस गल्लीतल्या आम्हा आठ-दहा जणांचं साल्हेरचा किल्ला चढायचं ठरलं. मी गंमत म्हणून विचारलं, "आप्पा, येता का?"

"मोसमात? येडा झाला का तू?"

"बरं, राहिलं. सटाण्याच्या बाजूलाच आहे म्हणून विचारलं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नवे कॅनव्हासचे बूट घालून दारात उभे. "बापू, जीपमध्ये जागा आहे ना?" मी समजलो. विचारलं मात्र काही नाही.

किल्ला ते बिनबोभाट चढले. वरच्या परशुरामाला नमस्कार केला, वाऱ्यात उभे राहून सगळ्यांना भाकरी-ठेचा वाढला. कुठल्या बाजूला सटाणा, असं वाटाड्याला दोनदा विचारलं. उतरताना मोकळं माळरान लागलं. तिथं आप्पांच्या पायाशी एक गुळगुळीत, गोल, पांढरट दगड आला. हातात चढायला घेतलेली बांबूची काठी. मी ओरडलो, "आप्पा, नको!" पण ऐकतील तर ते आप्पा कसले! आधी काठी हवेत फिरवली. सुरेख फिरली. "सॅम्पल पास!" मग दगडावर फिरवली, वाळलेल्या गवतावरून पाय सटकला, दोन खडकांच्या फटीत गेला आणि कडकन आवाज आला.

दगड जागचा हललासुद्धा नव्हता. आप्पा पांढरेफटक पडले होते. तशाही अवस्थेत मला म्हणाले, "मोजायचा रे."

साल्हेरवाडीच्या चार माणसांनी घोंगडी आणि बांबूची डोली करून त्यांना खाली आणलं. देव भलं करो त्यांचं. जवळचा मोठा दवाखाना सटाण्यालाच. मी कोणाला न विचारता योगिताला फोन केला. ती शाळेतून तशीच धावत आली, खडूचे हात घेऊन. बापाजवळ पंधरा मिनिटं उभी राहिली. बोलली फक्त डॉक्टरांशी आणि माझ्याशी. आप्पा छताकडे बघत होते. घोट्याचं हाड मोडलं होतं, दीड महिना प्लास्टर. निघताना ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "बापूकाका, मी रोज सात वाजता तुम्हाला फोन करीन. त्यांना सांगू नका."

झालं! माझी ड्यूटी सुरू झाली. रोज संध्याकाळी सातला माझा फोन वाजायचा. आमचा आणि आप्पांचा ओटा एकच, मध्ये गुडघाभर भिंत. पहिले दोन दिवस आप्पा आत होते. तिसऱ्या दिवशी पावणेसातलाच स्टुलावर पाय ठेवून ओट्यावर हजर. हवा चांगली आहे म्हणे! समोर गटार.

फोन वाजला, आणि आप्पा एकदम कण्हायला लागले. "आई गंऽऽ! आज जास्तच ठणकतंय!"

"काका, कोण ओरडतंय?"

"तुझे वडील."

"खूप दुखतंय का हो?"

"आत्ता पाच मिनिटांपूर्वी शेजारणीकडून तिळाचे चार लाडू घेऊन खाल्ले, तेव्हा तर नव्हतं दुखत."

आप्पांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांचा लॉट बिघडवलाय. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पुढं पुढं तर सूचनाही यायला लागल्या. "बापू, त्या फोनवरच्या डॉक्टरला विचार, पायाखाली उशी घ्यायची का नाही?" मी विचारायचो. ती सांगायची, एक नाही, दोन उशा. मग इकडे आप्पा दोन उशा घेऊन बसायचे, पण तिसऱ्या दिवशी एक मुद्दाम काढून टाकायचे, म्हणजे पुन्हा विचारता येईल. माझी मंडळी वैतागून म्हणाली, "अहो, तुमचा नुसता पाइप झालाय." मी म्हटलं, होऊ दे, पाणी तर वाहतंय.

फेब्रुवारीत प्लास्टर निघालं. डॉक्टर म्हणाले, हळूहळू चाला, महिन्याभरात खेळायलाही हरकत नाही. म्हणजे कपाची स्पर्धा हुकणार नव्हती! मी आनंदानं उडालो. आप्पा मात्र नाही. मार्चच्या सुरुवातीला गच्चीवर काठी फिरायला लागली, पण आरोळी नाही. शेवटी एका संध्याकाळी ओट्यावर बसून म्हणाले, "बापू, पाय बरा झाला म्हणजे तो फोन बंद होईल ना रे?"

"तुम्हीच करा की फोन. नंबर देऊ?"

"नंबर पाठ आहे. हिंमत नाही. लग्नाला गेलो नाही मी. सगळ्यात मोठा फटका तोच हुकला. माझ्याच नावावर आहे तो."

मी त्यांच्यापेक्षा लहान, पण खांद्यावर हात ठेवला.

त्या दिवशीच्या फोनवर मी योगिताला खरं ते सांगितलं. पाय बरा आहे, रविवारी कपासाठी खेळणार आहेत. ती म्हणाली, "बरं झालं काका. मग आता रोज तुम्हाला त्रास देत नाही." मी घाईघाईनं म्हटलं, "अगं, त्यांचा नंबर तोच आहे." तिनं फोन ठेवला होता की नाही, कळलं नाही.

पुढचे तीन दिवस सातला फोन वाजला नाही. आप्पा तिन्ही दिवस ओट्यावर बसून होते. कण्हले नाहीत.

रविवारी मी त्यांची रंगीबेरंगी पिशवी खांद्याला लावून बरोबर गेलो. आणि काय सांगू, त्या दिवशी आप्पा असे खेळले! लंगडत होते, घोटा सुजत होता, पण चेंडू जायचा तिथंच जात होता. मैदानाच्या दोन फेऱ्यांचा खेळ. दुपारी शेवटच्या खड्ड्याशी आलो तेव्हा आप्पा साहेबांच्या एका फटक्यानं पुढं होते. एकच खड्डा राहिला. चार वर्षांची आस समोर पडली होती. माळी पाण्याची नळी तशीच सोडून बघायला आला. खांद्यावरची पिशवी उतरवायचंही मला सुचत नव्हतं, आणि मी तर खेळतही नव्हतो!

आप्पांनी चेंडू ठेवला. काठी हवेत फिरवली, लाखात एक फिरली. मग ते चेंडूजवळ सरकले.

आणि त्यांच्या खिशात फोन वाजला.

मैदानावर फोन आणायचा नाही, हा तिथला नियम. नियमाच्या बाबतीत आप्पांसारखा काटेकोर माणूस तिथं दुसरा नव्हता, आणि तेच फोन खिशात घालून आले होते. साहेबांनी घड्याळ बघितलं. पंच म्हणाला, "आप्पा, बंद करा तो. उचललात तर नाव खोडावं लागेल."

आप्पांनी फोन बाहेर काढून नाव वाचलं. हातातली काठी गवतावर सोडून दिली. मग दुखरा पाय लांब करून हळूहळू खाली बसले, तिथंच, चेंडूच्या शेजारी. पंचानं कागदावर रेघ मारली. मी पिशवी खाली ठेवली आणि तोंड फिरवलं, कारण माझे डोळे भरून आले होते आणि साहेबांनी ते बघावं अशी माझी इच्छा नव्हती.

पलीकडून तिनं काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही. आप्पांचं तेवढं ऐकू आलं. इतकी वर्षं साहेबांसमोर जी त्यांनी कधी काढली नव्हती, ती घरची अहिराणी आपसूक तोंडातून बाहेर पडत होती.

"नही वं माय, कसानी मॅच? मी रिकामाच बठेल शे. तू बोल. बोल ना तू."