वेगाचा काटा आणि आईसाहेबांचे कुंकू

श्रीवायुनंदन कृपावंत. शके एकोणीसशे येकेचाळीस, विकारी नाम संवत्सरे, मार्गशीर्ष शुद्ध पंचमीस माळावरील राज्यी काय प्रसंग गुदरला, तो श्रोते सावध होऊन ऐकावा.

त्या राज्याचे धनी दिनकरराव कैलासवासी होऊन वर्ष लोटले होते. दिनकरराव हाडाचे इंजिनेर. धरणाचे दरवाजे अडोत की कारखान्याची चक्रे, खासा स्वारी जाऊन दुरुस्त करीत. परंतु जीव सारा विमानी. माळ सपाट करून धावपट्टी बांधिली, दोन आसनांचे विमान स्वहस्ते उभे केले, आणि वारा कोणीकडचा हे कळावे म्हणोन आपले कुटुंब जे आईसाहेब, त्यांचे जरीकाठी लुगडे न पुसता फाडोन त्याची पिशवी काठीस लाविली. त्यावरून घरात मोठीच लढाई जाहली आणि दिनकररायांस कित्येक दिवस आळणी भाजी मिळाली. आणिक येक रीत ऐसी, की उड्डाणापूर्वी आईसाहेबांनी विमानाची पूजा करावी, जागोजाग हळदकुंकू लावावे, फुले खोवावी. मग दिनकररायांनी पाठमोरे होऊन हातरुमालाने सारे पुसून काढावे. आईसाहेब ते पाहात आणि रुसत. "माझं कुंकू यांना खुपतं," म्हणत. दिनकरराव नुसते हसत.

तो वर्षश्राद्ध उरकले आणि कन्या कुमुदिनीबाई, ज्यांस दिनकररायांनी उडणे शिकविले, त्या बोलिल्या, "बाबांच्या माळावर मी वरून फुलं वाहणार." धाकटे बंधू मोरेश्वरराव हवालदिल होऊन म्हणाले, "ताई, एवढंच एकदा. जरा जरी धक्का लागला ना, तर उद्या पंख उतरवून टाकीन. हा जिवाशी खेळ पुरे." बाईंनी कबूल केले. मग आईसाहेब पूजेस उठल्या, आणि भावकीत कुजबूज जाहली की विधवेने कुंकू कैसे हाती धरावे. तेव्हां बाईंनी डोळे वटारून करंडा आपणच आईचे हाती दिधला. आईसाहेबांनी पूजा केली, आणि पंखाखाली जी बोटायेवढी नळी, जीत वारा शिरला म्हणजे वेगाचा काटा हाले, तिचे तोंडी झेंडूचे फूल घट्ट खोविले. बाईंनी विमानाभोवती फिरोन सारे पाहिले, फूलही पाहिले; परंतु त्या दिवशी आईचे हातचे काढवेना. वारा लागता आपोआप गळेल, ऐसे मनी आणिले. तेच चुकले.

मग विमान धावले, चाके उचलली, आणि बाई पाहातात तो काटा शून्यावरून हलेना. पट्टी सरली, पुढे दरी, थांबावयास जागा नाही. वेग उणा पडला तर विमान धोंड्यासारखे खाली येणार. उतरते समयी अधिक जाहला तर पट्टी न पुरून दरीत जाणार. खाली तमाम मंडळी हात हालवीत होती, त्यांस काय ठावे! तेव्हां बाईंस आठवले, की शिकविते समयी बाबा काटा आपल्या टोपीने झाकीत आणि म्हणत, "काटा गेला तर रडशील? कान आहेत ना? इंजिन ऐक, वारा ऐक." तेव्हां बाईंस राग येई. आता त्यांनी गळ्याची ओढणी काट्यावर टाकिली आणि कान दिधला. पहिले खेपेस उतरता वाऱ्याचा सूर फार चढला, म्हणजे वेग अधिक; मग जमीन सोडोन पुन्हा वर गेल्या. ते पाहोन मोरेश्वररावांचे तोंडचे पाणी पळाले. दुसरे खेपेस लुगड्याची पिशवी पाहोन वाऱ्यासमोर आल्या, सूर उतरता ठेविला, चाके आदळली, उसळली, पुन्हा टेकली, आणि विमान दरीचे अलीकडे उभे राहिले. फुलांची टोपली मांडीवर तैसीच होती.

बाईंनी उतरोन नळीतील फूल काढिले आणि मुठीत लपविले. आईसाहेबांनी मूठ उघडविली.

"हे मी खोवलेलं. याच्यानं झालं?"

बाईंस खोटे बोलवेना.

"म्हणून ते पुसायचे होय गं? आणि मी जन्मभर रुसत राहिले. एकदा सांगायचं तरी!"

"तू पूजा सोडली असतीस, आई."

तेव्हां आईसाहेब चाकापाशी बसोन वर्षात प्रथमच मोकळ्या रडल्या, आणि मोरेश्वरराव पंखांविषयी येक अक्षर बोलिले नाहीत.

येणेप्रमाणे माळावरील वर्तमान जाहले. विमान अद्याप उडते. पूजा पूर्वीप्रमाणेच होते; मग आईसाहेब आपले पदराने सारे पुसतात, नळीस डोळा लावोन आत पाहातात, आणि मगच लेकीस उडावयाचा हुकूम होतो.