न झिजणारी चकती

"चौतीस वर्षांत माझ्या स्टोअरमधला एक वॉशर इकडचा तिकडे झाला नाही!"

सावळीरामांनी हे वाक्य ऐकवलं तेव्हा त्यांची नात सायली बॅग भरत होती. आठवीतली पोर तीन दिवसांसाठी शाळेच्या शिबिराला कळवणला निघाली होती, आणि जीव मात्र टेबलावरच्या व्हिडिओ गेमच्या कन्सोलमध्ये अडकला होता.

"आजोबा, रविवारी अकराला फायनल आहे. तेजलशी! तुम्ही फक्त चार्जिंगला लावा. बाकी कशाला हात लावू नका."

"अगं, एकलहऱ्याच्या वीज केंद्रातला माणूस मी! निम्म्या महाराष्ट्राला चार्ज केलंय. तुझा हा डबा म्हणजे काय लय मोठं काम हाय का?"

"कुठला निम्मा महाराष्ट्र?" त्यांच्या पत्नी लताबाई आतून म्हणाल्या. "स्टोअरमध्ये बसून नटबोल्ट वाटायचे तुम्ही!"

"नटबोल्टांशिवाय टर्बाइन फिरलं असतं का?"

वीज केंद्र सुटलं, पण एक सवय सुटली नाही. सावळीराम घरातून चालले की वाटेतलं प्रत्येक बटण बंद! पंखा, दिवा, गीझर, काही सुटायचं नाही. गेल्या आठवड्यात सून उज्वला चटणी वाटत असताना त्यांनी जाता जाता मिक्सर बंद केला होता. तिने मेकॅनिकला फोन लावला, तो अंबडहून आला, त्याने बटण दाबलं, चहा प्यायला आणि गेला.

आता हा खेळ काय, ते सांगायला हवं. यात रानावनातले चित्रविचित्र राक्षस पकडायचे, वाढवायचे आणि दुसऱ्याच्या राक्षसांशी लढवायचे. सायलीने दोन वर्षं खपून सहा राक्षस तयार केले होते. आग ओकणारा ठेचा, डोंगराएवढा भोपळा, जांभळा टुणटुणीत बेदाणा आणि आणखी तिघे. सोसायटीच्या वर्धापनदिनाची स्पर्धा दोन वर्षं बी विंगमधली तेजलच जिंकत होती. गेल्या वर्षी फायनलला सायली हरली, तिथे हसून टाळ्या वाजवल्या आणि घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडली. ते रडणं सावळीरामांच्या काळजाला लागलं होतं. तेव्हापासून ते रोज संध्याकाळी तिच्या शेजारी बसून खेळ शिकत होते.

शुक्रवारी सकाळी दहा वाजेपर्यंत त्यांनी कशालाही हात लावला नाही. दहा वाजून पाच मिनिटांनी म्हणाले, "नुसता साठा तपासतो."

साठ्यात एक चकती सापडली. चकती म्हणजे राक्षसाला कला शिकवायचं साधन. राक्षसाला दाखवली की कला आलीच! ना शिकवणी, ना गृहपाठ. या चकतीवर लिहिलं होतं, 'विश्रांती'. राक्षसाने दोन डाव गाढ झोपायचं आणि ठणठणीत होऊन उठायचं.

चौतीस वर्षं शिफ्टमध्ये काढलेल्या माणसाला ही कला किती थोर वाटली असेल! पण सायलीच्या जुन्या खेळात चकती एकदा वापरली की फुटायची, हे त्यांना ठाऊक होतं. अर्धा तास विचार करून त्यांनी ती भोपळ्याला दाखवली. भोपळा शिकला. जड मनाने त्यांनी पिशवी उघडली, तर चकती जागच्या जागी!

त्यांनी ती बेदाण्याला दाखवली. बेदाणा शिकला, चकती तशीच!

"अहो लताबाई! धावत या!"

लताबाई लाटणं घेऊनच आल्या. "काय झालं? पडलात का?"

"झिजत नाय ही! वापरा, परत वापरा, किती बी वापरा! ग्रीस नको, धार नको, कुणाकडून परत मागायला नको. असलं हत्यार मला स्टोअरमध्ये एक मिळालं असतं ना, तर मी त्याला रोज हार घातला असता!"

"आधी मला मिळालं असतं तर तुम्हाला पहिल्या वर्षीच चहा करायला शिकवला असता," लताबाई म्हणाल्या आणि पोळी करपते म्हणून पळाल्या.

सावळीराम कौतुकाने त्या चकतीकडे बघतच राहिले. ज्याने कुणी ही बनवली त्याचे हात सोन्याचे! आणि इतकी गुणी वस्तू पिशवीत पडून राहावी? स्टोअरकीपरच्या लेखी ते पाप. त्यांनी सहाही जणांना विश्रांती शिकवून टाकली.

अडचण एकच होती. प्रत्येक राक्षसाला चारच कला येतात. पाचवी शिकवायची तर मशीन विचारतं, कोणती विसरू? प्रत्येक कलेपुढे आकडा होता. कुठे पस्तीस, कुठे तीस, कुठे नुसता पाच. सावळीरामांना विचारसुद्धा करावा लागला नाही. ज्या मालाचे पाचच नग शिल्लक, तो आज ना उद्या संपणारच. पस्तीसवाला भरवशाचा! त्यांनी सहाही राक्षसांचे पाचवाले नग काढून टाकले आणि शनिवार संध्याकाळपर्यंत नव्या फौजेला जंगलात हिंडवून आणलं.

मग दिलेला शब्द आठवून चार्जरची पिन भिंतीत नीट खोचली, दोनदा हलवून पाहिली, घरभर नेहमीसारखी एक फेरी मारली आणि समाधानाने फिरायला गेले.

रविवारी बसला उशीर झाला. पावणेअकराला सायली घरात शिरली, बूट न काढता कन्सोल उघडला आणि किंचाळली.

"आजोबा! ठेच्याचा ज्वालास्फोट कुठे गेला?"

"तो होय? पाचच शिल्लक होता. काढला भंगारात."

"भंगारात? आजोबा, सगळ्यात जोरदार कला म्हणून तो पाच असतो! एका लढाईत पाचदाच वापरता येतो. नंतर परत भरतो!"

"परत भरतो?" सावळीरामांनी विचारलं. "मग चकतीनं शिकव ना परत. ती झिजत नाय, मी बघितलंय!"

"ज्वालास्फोटाची चकती नसते! तो वयात आल्यावर एकदाच आपोआप येतो! आता माझ्याकडे काय आहे? चिमटे काढणं आणि झोपणं!"

तिचे डोळे भरले. सावळीरामांना वाटलं, जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. पण खालून माइकवर नावाचा पुकारा झाला.

हॉलमध्ये सगळी सोसायटी जमली होती. इंजिनिअरिंगला असलेला बुद्धभूषण पंच होता. त्याने नियम वाचले, "सहा राक्षस, मध्ये बदल नाही. यंत्र बंद पडलं तर हार. सुरू करा!"

तेजलने पहिल्याच डावात भोपळ्यावर वीज पाडली. भोपळा अर्धमेला. सायलीने नाइलाजाने विश्रांती दिली. भोपळा घोरायला लागला. तेजलने आणखी वीज पाडली. भोपळा उठला, टुणटुणीत!

"अरे, हा तर आमच्या साहेबासारखा आहे," मागून कुणीतरी म्हणालं. "काहीही करा, झोपून उठतो आणि ताजातवाना!"

पुन्हा वीज, पुन्हा झोप. अर्धा तास झाला तरी कुणीच मरेना. सावळीराम कोपऱ्यात बोटं मोजत होते. एकाएकी ते उठून उभे राहिले.

"सायले! पाच विजा झाल्या तिच्या! साठा संपला!"

सायलीने चमकून आजोबांकडे पाहिलं. मग स्क्रीनकडे. मग तिच्या चेहऱ्यावर असं काही हसू आलं की लताबाईंनी दोन्ही हातांची बोटं कडाकडा मोडली.

त्यानंतरची लढाई म्हणजे काय सांगावं! सायली झोपवत गेली, तेजलचे नग संपत गेले. तेजलकडे सगळा पाचवाला माल! तो संपल्यावर तिचे राक्षस नुसतेच हातपाय झाडायला लागले आणि स्वतःलाच लागून घ्यायला लागले. पस्तीसवाले चिमटे मात्र चालूच! एक पडला. दोन पडले. पाच पडले! पोरं खुर्च्यांवर चढली. शेवटच्या राक्षसात धुगधुगी तेवढी उरली.

"घे चिमटा!" सावळीराम ओरडले.

आणि सायलीचा स्क्रीन काळा झाला.

बुद्धभूषणने खाली मान घालून नियमाचा कागद दाखवला. तेजल जिंकली, पण उडी काही मारली नाही. ती सरळ सावळीरामांकडे आली.

"आजोबा, ही झोपवायची आयडिया तुमची? कसली भारी आहे! मी हरलेच होते. मला शिकवाल?"

सावळीरामांना मान वर करवेना. सायली तोवर घराकडे पळाली होती. सगळे मागोमाग गेले. चार्जरची पिन भिंतीत घट्ट होती. पिनेवरचं बटण बंद होतं.

सगळ्यांनी एकाच माणसाकडे पाहिलं.

"चुकलं माझं, बाळा," सावळीराम म्हणाले.

सायली खुर्चीत बसली. डोळे पुसले. मग म्हणाली, "तेजलचे पाच पाडले ना आपण? गेल्या वर्षी दोनच पाडले होते." तिने आजोबांचा हात धरून त्यांना समोर बसवलं. "आता नवी कला शिका. 'पिन लावली की बटण चालू.' पण तुमच्या चार कला भरल्यात. त्यासाठी 'जाता जाता बटण बंद' ही कला विसरावी लागेल. विसरायची? हो की नाही?"

"हो," सावळीराम मनापासून म्हणाले.

"नक्की?"

"नक्की! आईशपथ!"

हलक्या मनाने ते उठले आणि पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. जाता जाता हात भिंतीकडे गेला.

टक्!

"बाबा!" आतून उज्वलाचा आवाज आला. "मिक्सर!"