मुकुंदअण्णांचा दुपारचोर

मुकुंदअण्णा नव्या माणसाला नाव विचारत नाहीत. चष्मा कपाळावर चढवतात, भिंतीवर टांगलेलं काहीतरी वाचावं तसं त्या माणसाला वरपासून खालपर्यंत वाचतात आणि विचारतात, "तुमचा फ्यूज कुठला?"

मलाही हेच विचारलं. मी त्यांच्या दारात सह्यांचा कागद घेऊन उभी होते. हुबळीच्या रस्त्यावर रायापूरपाशी लोक तासतासभर बसची वाट बघतात, डोक्यावर ना झाड ना पत्रा, आणि याची कुणालाच लाज वाटत नाही, असं मी एका दमात सांगितलं. अण्णांनी ऐकलं, सही केली, पेन परत दिलं.

"हा झाला तुझा लोड. आता फ्यूज सांग."

"म्हणजे?"

"तू कशानं बंद पडतेस?"

"मी बंद पडत नाही," मी म्हणाले.

"मग आग लागेल," अण्णा म्हणाले. "ये आत. चहा घे."

अण्णा वीज खात्यात मीटर वाचायचे. तीस वर्षं धारवाडातल्या जिन्यांखाली डोकं घालून निवृत्त झालेले. सुभाष रोडच्या मागे एका वह्या-पेन्सिलींच्या दुकानावर दोन खोल्या, त्यात ते एकटे. त्यांची बंगळूरची भाची एकदा सुटीला आली आणि जाताना एक जाडजूड इंग्रजी पुस्तक विसरून गेली. पुस्तक एका खेळाचं होतं. चारपाच जणांनी टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकानं कागदावर एक अचाट शक्तीचा माणूस तयार करायचा, त्याला काय येतं नि काय येत नाही ते लिहायचं, आणि मग एकजण गोष्ट सांगणार, बाकीचे आपापल्या माणसाच्या वतीनं त्या गोष्टीत उड्या मारणार. उडी जमली की फसली ते फासे ठरवणार. गोष्ट सांगणाऱ्याला स्वतःचा माणूस नसतो. तो म्हणजे हवापाणी, पोलीस, रस्त्यावरची गर्दी आणि खलनायक.

भाची पुस्तक न्यायला परत आली तेव्हा ते ओळखू येत नव्हतं. अण्णांनी पानापानावर दुरुस्त्यांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. पुस्तक फुगून मिटेनासं झालं होतं, म्हणून त्याला पायजम्याची नाडी बांधली होती. भाचीनं ते तिथंच ठेवलं.

"मूळ पुस्तक वाईट नाही," अण्णा म्हणायचे, "पण लिहिणारानं कधी मीटर बघितलेला नाही. ह्याचे लोक डोंगर उचलतात. अरे, एवढा लोड कुणी मंजूर केला?"

म्हणून अण्णांच्या खेळात प्रत्येकाला मंजूर लोड शंभर युनिट. उडायला साठ जातात. अदृश्य व्हायला चाळीस, पण सावलीसकट नाहीसं व्हायचं असेल तर आणखी दहा. डोळ्यांतून आग काढणं त्यांनी रद्दच केलं. "काय करायचंय तिचं? पापड भाजायचेत?" फासे कपाटाखाली जातात म्हणून सात कवड्या आल्या. आणि प्रत्येक शक्तीला एक फ्यूज हवाच, म्हणजे तिला थांबवणारी एक गोष्ट. फ्यूज नसलेल्या माणसाला अण्णा टेबलावर घेत नसत.

दर रविवारी दुपारी डाव बसायचा; गोष्ट सांगणारे अण्णा, आणि मी धरून तिघं खेळणारे. नागराज कोर्टासमोर लोकांचे अर्ज टाइप करून द्यायचा, आणि त्याच्या माणसानं नुसता हात लावला की कुठलाही अर्ज मंजूर व्हायचा. फ्यूज, आई जवळ असणं. आईसमोर त्याच्या हातून साधं पाकीटही उघडायचं नाही. विमलअक्का निवृत्त शिक्षिका. त्यांच्या बाईकडे एक खडू होता. तिनं जमिनीवर रेघ मारली की रेघेच्या आतलं सगळं जागच्या जागी गप्प. फ्यूज मात्र एकच, मागून कुणी "बाई!" म्हणून हाक मारली की तिला थांबून वळावंच लागायचं. अक्कांना तर सगळं धारवाडच बाई म्हणतं, त्यामुळे त्या खेळात दर दहा पावलांवर थांबायच्या.

माझ्या बाईचा आवाज गावभर पोचायचा. फ्यूज मी लिहिला नाही म्हणून अण्णांनीच भरला, 'सुरू झाली की थांबत नाही.' मी म्हणाले, हा फ्यूज नव्हे, ही शक्ती आहे. अण्णा म्हणाले, "बघू."

खरं सांगायचं तर मी पहिल्यांदा खेळायला बसले ती त्यांना सुधारायलाच. बाहेर जिवंत झाडं तोडली जाताहेत, आणि चार शहाणी माणसं कागदी माणसांना शक्ती वाटत बसलीत! मी स्पष्ट म्हणाले, खलनायकच हवा तर झाडं तोडणारा ठेकेदार घ्या.

"तो खलनायक नव्हे," अण्णा म्हणाले, "ते टेंडर."

त्यांचा खलनायक निराळा होता. दुपारचोर.

दुपारी जेवून तुम्ही पेपर घेऊन आडवे होता. दोन वाजलेले असतात. पंखा फिरत असतो. डोळा लागला न लागला तोच उघडतो, आणि खिडकीत संध्याकाळ उभी असते. मधली दुपार गेली कुठं? ती दुपारचोरानं नेली. तो चपला हातात घेऊन चालतो. अर्ध्या ओढलेल्या शटरखालून आत शिरतो, वाळत घातलेल्या शेवयांवरून, झोपलेल्या पोरांच्या कपाळावरून दुपार अलगद उचलतो, साडीसारखी चौपदरी घडी करतो आणि पिशवीत ठेवतो. कॉलेजच्या हॉस्टेलातून तर अख्ख्या वर्गाच्या दुपारी त्यानं एका खेपेत नेल्या. अण्णा हे सांगायला लागले की माझ्यासारखीलासुद्धा टेबलाच्या कडा विरघळल्यासारख्या वाटत. त्यांनी गावाचा नकाशा जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर काढला होता, आणि त्यात घरांना नावं नव्हती, मीटरचे नंबर होते. एकेका नंबरावर बोट ठेवून ते सांगायचे, इथं जिन्याखाली गार फरशी आहे, इथं एक आजी भिंतीकडे तोंड करून निजते, इथं दार उघडणारी बाई न बोलता मीटरकडे बोट दाखवते आणि परत आडवी होते. "तीस वर्षं लोकांच्या दुपारी बघितल्या," ते म्हणायचे. "आपली अशी एक नाही झाली."

पण तो चोर सापडेना! तीन वर्षं. एक खलनायक. शून्य अटक.

आणि विमलअक्कांचं सगळं त्याच्यावर अडलेलं. त्यांची मुलगी बेळगावला असते. अक्कांचे गुडघे गेलेले. मुलीच्या इमारतीला लिफ्ट, मुलगी दर आठवड्याला फोन करून ये म्हणायची. अक्का अण्णांचा जिना मध्ये दोनदा टेकून चढायच्या आणि वर आल्यावर धापा टाकत जाहीर करायच्या, "हा मेला एकदा सापडला की मी निघाले बेळगावला. पोर्शन अर्धवट टाकून मी शाळेत कधी रजा घेतली नाही, आता घेणार?"

"बरोबर आहे, बाई," अण्णा म्हणायचे. आणि त्यांना पाठीला उशी द्यायचे.

मी चळवळीतली मुलगी. नियमांतली लबाडी मला वासानं कळते. नागराजनं चोराला रायापूरपर्यंत रेटत नेलं, तर पुढच्या रविवारी पुस्तकात चिठ्ठी: 'हद्द रायापूरला संपते. हद्दीबाहेर अटक नाही.' अक्कांनी त्याच्याभोवती खडूची रेघ पूर्ण केली, तर चिठ्ठी: 'ओल्या जमिनीवर खडू उमटत नाही.' आणि खेळात नेमका तेव्हा पाऊस! मी आवाज देऊन सगळं गाव जागं केलं, तर 'जागं गाव दुपारी पुन्हा झोपू शकतं.'

"अण्णा, ह्ये बरोबर इल्ला री," नागराज अर्ध्या कन्नडात कुरकुरायचा. "तुमचा माणूस आहे की काय तो?"

अण्णा पेन्सिल कानावर खोचून नकाशाकडे बघत राहायचे.

शेवटी मी पत्रक काढलं. मथळा: 'दुरुस्तीशाही चालणार नाही!' खाली मागण्या. डाव चालू असताना नियम बदलू नये. बदलायचाच तर सर्वांना आठ दिवस आधी कळवावं. पकडलेला चोर नियमाच्या फटीतून सोडू नये. 'न्याय टेबलावरही हवा!' ही शेवटची ओळ मला आजही आवडते. प्रती चार काढल्या. नागराजनं जागेवर सही ठोकली. विमलअक्कांनी पेन उघडलं आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसल्या. मला वाटलं, मजकूर मनात घोळवताहेत.

"करा की सही, अक्का. तुमच्याच बेळगावचा प्रश्न आहे!"

"हो गं," त्या म्हणाल्या. "माझाच आहे." आणि सही केली.

अण्णांनी पत्रक दोनदा वाचलं. सगळ्यात खाली विमलअक्कांची सही होती, तिच्यावर त्यांचं बोट क्षणभर थांबलं. "मागण्या वाजवी आहेत," ते म्हणाले, आणि पोच म्हणून आपलीही सही करून दिली. माझ्या एकाही पत्रकाला तोवर इतक्या लवकर यश आलं नव्हतं. मी जिना उड्या मारत उतरले.

पुढच्या रविवारी आम्ही चोराला गाठलं. बेत माझा होता. माझ्या आवाजानं एकेक गल्ली जागी करत मी त्याला सुभाष रोडच्या मधोमध आणलं. नागराजनं हद्दवाढीचा अर्ज हात लावून मंजूर केला, त्यामुळे पळायला गावाबाहेर जागा उरली नाही. जमीन कोरडी होती. पाऊस पाडायला अण्णांना नवी चिठ्ठी लागली असती, आणि ती आठ दिवस आधी कळवलेली नव्हती. अक्कांनी खडू काढला. सातांतल्या पाच कवड्या उताण्या पडायला हव्या होत्या. त्यांनी हलवल्या, टाकल्या. सहा.

"रेघ मारत येतेय," अक्का म्हणाल्या. "अर्धी झाली."

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की चोराकडे अजून एक वाट आहे, आणि ती अगदी नियमात बसणारी. त्यानं मागून "बाई!" म्हणून हाक मारायची. अक्कांना थांबावं लागेल, रेघ अपुरी राहील, चोर सुटेल. नागराजच्याही लक्षात आलं. आम्ही दोघांनी अण्णांकडे बघितलं.

अण्णांनी तोंड उघडलं. मिटलं. चष्मा काढून सदऱ्याला पुसायला लागले.

"पाऊण झाली," अक्का म्हणाल्या. त्या फार सावकाश रेघ ओढत होत्या. बोट नकाशावरून घरांच्या नंबरांना चुकवत, मुंगीच्या चालीनं सरकत होतं. पुसून झालेला चष्मा अण्णा पुन्हा पुसत होते.

आणि तेव्हा, फार उशिरा, मला समजलं. तीन वर्षांच्या सगळ्या चिठ्ठ्या एकदम समजल्या. ती लबाडी कुणासाठी चालली होती, तेही.

"अण्णा," मीच ओरडले, "हाक मारा की!"

"नको," अण्णा चष्म्याकडे बघत म्हणाले. "जिना चढताना फार दुखतं त्यांना. मला इथं वर ऐकू येतं."

रेघ पूर्ण झाली.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पंखा फिरत होता. नागराज कन्नडमध्ये हळूच काहीतरी पुटपुटला आणि कवड्या गोळा करायला लागला.

"पकडणाऱ्याला चोराला एक प्रश्न विचारता येतो," अण्णा म्हणाले. "मूळ पुस्तकातलाच नियम आहे. खरं उत्तर द्यावं लागतं."

अक्कांनी उशी सारखी केली. शाळेत उशिरा आलेल्या पोराला विचारावं तसं विचारलं, "काय रे, एवढ्या दुपारी नेल्यास, केलंस काय त्यांचं?"

अण्णा चोर होऊन बोलायचे तेव्हा आवाज बारीक आणि खोडकर करायचे. या वेळी तो त्यांचा नेहमीचाच आवाज होता.

"काही नाही केलं, बाई. घड्या घालून ठेवल्यात. एकही मोडली नाही. उघडून बघितली एकदोनदा, पण एकट्याला ती नीट उलगडतच नाही. दोन्ही टोकं धरायला कुणीतरी लागतं. म्हणून रविवारी…" ते थांबले. "रविवारी जरा बरं जायचं."

पुढं विमलअक्का बेळगावला गेल्या, महिन्याभरातच. जायलाच हव्या होत्या, अण्णाही तेच म्हणत होते. त्यात कुणाचं काही चुकलं नाही. पण ते नंतर. त्या दिवशी नकाशावरचं बोट न उचलता त्या म्हणाल्या,

"मला अजून एक विचारायचंय."

"नियमात एकच प्रश्न आहे, बाई."

"मग दुरुस्ती करा."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. आठ दिवसांच्या सूचनेची मागणी माझी होती, तिच्याखाली त्यांची सही होती, आणि हा माणूस खरोखर माझ्या परवानगीसाठी थांबला होता. मी पुस्तकाची नाडी सोडून ते त्यांच्यापुढं सरकवलं. मग नागराजचा दंड धरला.

"साकु," मी त्याच्याच कन्नडात म्हणाले, "पुरे आता. चल."

आम्ही जिना उतरलो. अक्कांनी वर काय विचारलं ते मला माहीत नाही, आणि मी कधी विचारलंही नाही. खाली रस्ता रिकामा होता. एका पायरीवर वाळत घातलेला गहू तसाच होता, शेजारी एक म्हातारी हात उशाशी घेऊन निजली होती. नागराजनं मनगटावरचं घड्याळ दोनदा बघितलं. पाच वाजून गेले होते, आणि ऊन अजून होतं.