एक चौकट आणि एकेचाळीस गाइडं

“एकेचाळीस? हॅ! परवा संध्याकाळपर्यंत सगळी नवीकोरी करून देतो!”

सोमवारच्या मीटिंगमध्ये संदर्भ विभागाचे काका हे वाक्य बोलले आणि टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी माना वर केल्या. विद्यापीठाच्या ग्रंथालयात काकांची एकतीस वर्षं झाली होती, पण स्वतःहून काम मागून घेण्याची ही पहिलीच वेळ!

काम तसं कंटाळवाणं होतं. ग्रंथालयाच्या वेबसाइटवर प्रत्येक विषयाचं एक ऑनलाइन गाइड असतं. कोणती पुस्तकं बघावीत, लेख कुठे शोधावेत, अडलं तर कुणाला विचारावं, हे सगळं त्यात. अशी एकेचाळीस गाइडं होती आणि त्या सगळ्यांतला ‘शोध कसा घ्यावा’ हा मजकूर इतका जुना झाला होता, की त्यात बंद पडलेल्या जिन्याचा रस्ता सांगितला होता. शुक्रवारी विद्यार्थ्यांचे प्रकल्प जमा व्हायचे होते, म्हणून ग्रंथपाल मॅडमना घाई होती.

काकांच्या छातीठोकपणाला कारण होतं. मागच्याच महिन्यात त्यांनी एक ऑनलाइन प्रशिक्षण घेतलं होतं. त्यात त्यांना कळलं होतं, की मजकुराची चौकट एकदाच बनवायची आणि ‘पुन्हा वापरा’ हे बटण दाबून हव्या तितक्या गाइडांत टाकायची. बटण दाबलं की दोन पर्याय येतात, ‘लिंक’ आणि ‘कॉपी’. या दोहोंत फरक काय, हे प्रशिक्षणात वीस मिनिटं समजावून सांगितलं होतं. ती वीस मिनिटं काका चहाला गेले होते.

ते परत आले तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते. काकांनीही वाजवल्या.

तर काकांनी मंगळवारी सकाळी चौकट लिहिली आणि एकेचाळीस वेळा ‘लिंक’ दाबलं. का? तो पर्याय वर होता म्हणून! बारा वाजता ते खुर्चीत असे रेलले, जसं काही त्यांनी धरणच बांधलं होतं.

“बाई, बघितलंत?” ते समोरच्या टेबलाकडे पाहून म्हणाले.

समोरच्या टेबलावर सूचीवाल्या बाई बसायच्या. आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद करायची, हे त्यांचं काम. बावीस वर्षं दोघांची टेबलं समोरासमोर होती, चहाचा थर्मास एकच होता आणि भांडणंही ठरलेली होती. पंखा किती जोरात, खिडकी किती उघडी.

“एकदा प्रत्येक गाइड उघडून नजर टाका,” चष्म्यावरून बघत बाई म्हणाल्या.

“नजर काय टाकायची? सगळीकडे तेच तर आहे!”

“म्हणूनच म्हणते.”

काकांनी ते कानाआड केलं.

दुपारी नर्सिंगच्या मॅडमचा फोन आला. “काका, गाइड छान झालंय. फक्त एक ओळ घाला. पाच वर्षांपेक्षा जुना कोणताही संदर्भ वापरू नये.”

“आत्ता घालतो!” काकांनी नर्सिंगचं गाइड उघडलं, ओळ घातली आणि थर्मासचं झाकण काढलं. चहा कपात पडतोय न पडतोय, तोच दार धाडकन उघडलं. इतिहासाचे सर!

“पाच वर्षांपेक्षा जुना संदर्भ वापरू नये?” सरांचा आवाज वाचनकक्षाच्या टोकापर्यंत गेला. “इतिहासात? मग माझ्या मुलांनी काय मागच्या निवडणुकीपासून सुरुवात करायची?”

“सर, ते नर्सिंगचं...”

“मी काय नर्सिंगचं गाइड वाचत बसतो?”

काकांनी इतिहासाचं गाइड उघडलं. ओळ तिथे होती! ठसठशीत! काका चक्रावले. त्यांनी ती खोडली आणि सरांच्या समाधानासाठी नवी घातली, ‘संदर्भ जितका जुना, तितका मोलाचा.’ सर शांत झाले. काकांच्या वाट्याचा चहाही पिऊन गेले.

बुधवारी सकाळी नर्सिंगच्या मॅडम स्वतःच आल्या. हातात एका विद्यार्थिनीच्या प्रकल्पाचा कच्चा मसुदा.

“जळवा!” मॅडम म्हणाल्या.

“काय?”

“ताप आला तर रुग्णाच्या दंडाला जळवा लावाव्यात! तीन पानं जळवा आहेत, काका, चित्रांसकट! विचारलं तर म्हणते, जितकं जुनं तितकं मोलाचं, ग्रंथालयानेच सांगितलंय!”

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी घाईघाईने नर्सिंगची ओळ परत घातली. पाऊण तासाने इतिहासाचे सर परत! त्यांच्यासाठी ती पुसली, की नर्सिंगच्या मॅडमचा फोन! काका दिवसभर लंबकासारखे नर्सिंगकडून इतिहासाकडे आणि इतिहासाकडून नर्सिंगकडे झुलत राहिले. संध्याकाळी ते घरी गेले, तेव्हा बायकोने विचारलं, “बरं वाटत नाही का?” तर म्हणाले, “किती वर्षं जुना उपाय करणार आहेस, ते आधी सांग.”

त्या रात्री ते छताकडे बघत पडले आणि त्यांच्या मनात पाल चुकचुकली. मी बदलतो, कुणीतरी उलटं करतं. म्हणजे हे मुद्दाम चाललंय! गाइडांचा पासवर्ड तिघांनाच ठाऊक. ते स्वतः, ग्रंथपाल मॅडम आणि... समोरचं टेबल.

गुरुवारी काकांनी आल्या आल्या पासवर्ड बदलला. नवा पासवर्ड विसरू नये म्हणून चिठ्ठीवर लिहून कीबोर्डच्या खाली चिकटवला. जुनाही तिथेच होता. मग ते वर्तमानपत्राआडून बाईंवर नजर ठेवून बसले. आणि काय आश्चर्य! बाईंनी कीबोर्डला हात लावला, की काकांचा फोन वाजायचा! बाई दिवसाचे सात तास कीबोर्डलाच हात लावून असतात, हे त्या क्षणी काकांना आठवलं नाही.

अकराच्या सुमाराला इतिहासाच्या सरांचा सहावा फोन ठेवून, त्यांच्या मनासारखी ओळ बदलून काका उभे राहिले. काउंटरवर मुलांची रांग होती.

“बाई, पुरे झालं. मला सगळं कळलंय.”

“काय कळलंय?”

“माझं काम बिघडवताय तुम्ही! मी आधी शिकलो ना, ते खुपतंय तुम्हाला. पासवर्डसुद्धा चोरलात!”

रांगेतली कुजबुज थांबली. बाईंनी कॉम्प्युटर बंद केला, ड्रॉवरमधला चष्म्याचा रुमाल घेतला, थर्मासमधून स्वतःचा अर्धा चहा कपात ओतून घेतला आणि त्या खालच्या मजल्यावर, जुन्या मासिकांच्या खोलीत निघून गेल्या.

जिंकल्यावर माणसाला बरं वाटायला हवं. काका मात्र बाईंच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिले. आणि तेवढ्यात फोन वाजला. नर्सिंगच्या मॅडम!

बाई तर खाली गेल्या होत्या. खालच्या खोलीत कॉम्प्युटरच नव्हता. मग ओळ बदलली कुणी?

शेवटी संगणक विभागाचे साहेब आले. त्यांना सगळे ‘दोन मिनिटं’ म्हणायचे. दोन मिनिटांत येतो असं सांगून ते दोन दिवसांनी यायचे. त्यांना बुधवारी बोलावलं होतं, तेव्हा गुरुवारी दुपारी आले म्हणजे धावतच आले म्हणायचे.

त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि जिभेने च्च केलं.

“काका, गच्चीवर पाण्याची टाकी एक. तिला नळ एकेचाळीस. तुम्ही या नळाशी उभे राहून टाकीत लाल रंग टाकलात. पलीकडच्या नळाला काय येणार?”

“लाल,” काका पुटपुटले.

“मग ते ओरडले म्हणून तुम्ही त्यांच्या नळाशी जाऊन निळा टाकलात. लिंक म्हणजे टाकी, काका. कॉपी म्हणजे ज्याची त्याची बादली.”

“म्हणजे हे सगळं... मीच?”

“या यादीत बघा. सगळे बदल तुमच्याच मशीनवरून.”

काकांनी यादी वरून खालपर्यंत वाचली. तीन दिवस ते स्वतःशीच भांडत होते! आणि मधल्या मध्ये बावीस वर्षांच्या शेजारणीला भर रांगेत चोर म्हणून मोकळे झाले होते!

साहेब गेल्यावर काकांनी दात-ओठ खात ठरवलं, आता ही टाकीच नको. त्यांनी इतिहासाच्या गाइडमधली चौकट काढायला घेतली. पडद्यावर प्रश्न आला, ‘फक्त इथून काढायची, की कायमची पुसायची?’

“कायमची!” काका ओरडले आणि त्यांनी बटण दाबलं.

एकेचाळीस गाइडं, एकेचाळीस रिकाम्या जागा! प्रकल्प उद्या जमा व्हायचे होते. काकांनी संगणक विभागाला फोन लावला. “पुसलेलं परत येतं का हो?”

“नाही,” दोन मिनिटं म्हणाले. या वेळी मात्र त्यांनी दोन सेकंदसुद्धा लावले नाहीत.

काका जिना उतरून खाली गेले. जुन्या मासिकांच्या खोलीत धूळ आणि लुकलुकणारी ट्यूबलाइट. बाई बांधीव खंडांच्या पाठींवर आकड्यांच्या चिठ्ठ्या डकवत होत्या.

“बाई,” काका दारातच थांबले. “चूक माझी होती. सगळीच्या सगळी. मीच बदलत होतो, मीच ओरडत होतो.”

बाईंनी एक चिठ्ठी नीट दाबून बसवली.

“बावीस वर्षांत तुम्ही मला हट्टी म्हणालात, खडूस म्हणालात. चोर म्हणायचं राहिलं होतं, तेही झालं. आता उरलं काय?”

“काही नाही उरलं, बाई,” काका म्हणाले. “गाइडंसुद्धा नाही उरली.”

“म्हणजे?”

काकांनी सांगितलं. बाई ऐकत होत्या. ‘कायमची’ हा शब्द आला तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. मग उठल्या, वर आल्या आणि आपल्या ड्रॉवरमधून चार कागद काढले. काकांचाच मजकूर! छापलेला, लाल पेनाने खुणा केलेला.

“मंगळवारी छापून घेतला होता. पडद्यावर मला चुका दिसत नाहीत,” बाई म्हणाल्या. “अकरा आहेत. ‘विद्यार्थी’ तीन वेळा चुकलाय.”

काकांनी कागद उलटसुलट करून पाहिले. “तुम्ही... माझं... तपासत होतात?”

“तुमच्याकडून नजर टाकली जाणार नाही, हे मला माहीत नव्हतं का? बसा. मी वाचते, तुम्ही टाइप करा. आणि मी केलं म्हणून माफ केलं, असं समजू नका. मुलांसाठी करतेय.”

बाईंनी वाचलं, काकांनी टाइप केलं. मग एकेका गाइडात जाऊन ‘कॉपी’ दाबलं. नर्सिंगला नर्सिंगची ओळ, इतिहासाला इतिहासाची. प्रत्येक वेळी बाई मागून म्हणायच्या, “कोणतं बटण?” आणि काका शाळकरी पोरासारखं सांगायचे, “कॉपी!” सव्विसाव्या गाइडला बाईंनी न बोलता पंखा काकांना हवा तसा एकने वाढवला. काकांनी न बोलता खिडकी बाईंना हवी तेवढी लोटली. साडेपाचला एकेचाळिसावं गाइड झालं. शुक्रवारी सगळे प्रकल्प जमा झाले. एकाही प्रकल्पात जळू नव्हती.

सोमवारी ग्रंथपाल मॅडम हसत हसत विभागात आल्या.

“काका, कमाल केलीत! नर्सिंग खूश, इतिहास खूश! आता एकच बारीकसं काम आहे. आपला मदतीचा फोन नंबर आजपासून बदललाय. चौकटीत तळाशी आहे ना, तेवढा बदलून टाका. एका मिनिटाचं काम!”

काकांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान खाली घातली होती, पण त्यांचे खांदे गदगदा हलत होते.

“हो मॅडम,” काका म्हणाले. “मिनिटाचंच आहे. एकेचाळीस वेळा.”